पाण्यांतील झाडी आणि मात्स्यन्याय

झाडावर पक्षी राहतात हें घरांतील चार वर्षांच्या मुलासही ठाऊक असतें. परंतु झाडाच्या फांद्या तोडून त्या पाण्याच्या तळाशीं रचून ठेवल्या, तर त्यांच्या आश्रयास मासे येऊन राहतात, ही गोष्ट आपल्यापैकीं पुष्कळांनीं ऐकलेलीही नसेल. जगांत अनेक ठिकाणीं हा उद्योग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आसामांत त्यास 'जेंग' म्हणतात, कंबोडियांत 'साम्राह' म्हणतात, आणि पूर्व बंगालमध्यें, म्हणजे आजच्या बांगलादेशांत, 'काठा' म्हणतात. ह्या महिन्यांत वाचकांस ह्या काठा-पद्धतीचा परिचय करून देण्याचें योजिलें आहे.

आरंभींच एका शंकेचें निरसन केलेलें बरें. "आमच्या घरांत मासळी येत नाहीं, मग मास्तरांना हा विषय कोठून सुचला?" असें कोणी वाचक अगर भगिनी विचारतील. मासळी खावी कीं न खावी हा ज्याच्या त्याच्या कुलाचाराचा प्रश्न आहे. आपले सारस्वत बंधु ती खातात, बंगाल्यांतील मोठमोठे शास्त्रीपंडितही खात आले. देशस्थांच्या घरीं ती वर्ज्य असते. त्या वादांत मला शिरावयाचें नाहीं. परंतु जी वस्तु सर्वांच्या मालकीची, तिचा उपभोग कोणीं, किती आणि केव्हां घ्यावा, हा प्रश्न जसा बंगाल्यांतील कोळ्यांपुढें आहे, तसाच सामाईक विहीर, सामाईक अंगण आणि आजोबांनीं लावलेला सामाईक आंबा असलेल्या प्रत्येक एकत्र कुटुंबापुढेंही असतो. म्हणून ही हकीकत शाकाहारी वाचकांनींही अवश्य वाचावी.

बांगलादेशाच्या ईशान्य कोपऱ्यांत सिल्हेट, सुनामगंज, मौलवीबाजार, हबीगंज, नेत्रकोना, किशोरगंज हे जिल्हे आहेत. त्यांच्या उत्तरेस मेघालयाचे डोंगर भिंतीसारखे उभे आहेत. चेरापुंजीचें नांव आपण सर्वांनीं भूगोलाच्या पुस्तकांत वाचलेलें आहे. तेथें कोसळणारा पाऊस डोंगर उतरून ज्या सखल प्रदेशांत येतो, तो प्रदेश हाच. ह्याचा आकार परातीसारखा आहे. कडा थोड्या उंच आणि मध्यभाग खोलगट, त्यामुळें आलेलें पाणी लवकर निघून जात नाहीं. पावसाळा सुरू झाला म्हणजे बघतां बघतां शेतें, कुरणें व वाटा बुडून जातात आणि क्षितिजापर्यंत पाणीच पाणी पसरतें. उंचवट्यांवर वसविलेलीं गांवें त्यांत बेटांसारखीं दिसूं लागतात, आणि शेजारच्या गांवीं लेकीला भेटावयास जावयाचें तर नाव काढावी लागते. ह्या विस्तीर्ण जलप्रदेशास तेथील लोक 'हाओर' म्हणतात. संस्कृत 'सागर' हा शब्दच लोकांच्या जिभेवर झिजत झिजत हाओर झाला, असें मानतात.

कार्तिक-मार्गशीर्षांत हें पाणी ओसरूं लागतें. जी जमीन उघडी पडते तींत 'बोरो' नांवाचें हिंवाळी भात लावतात. पाणी शिल्लक राहतें तें केवळ सर्वांत खोल जागीं. त्या जलाशयांस 'बील' म्हणतात. आतां माशांची स्थिति काय होते पाहा. पावसाळ्यांत मैलोगणती पसरलेल्या पाण्यांत स्वच्छंदपणें हिंडणाऱ्या माशांस हिंवाळ्यांत थोडक्या बिलांत दाटीवाटीनें दिवस काढावे लागतात. लपावयास गवत नाहीं, बुडालेलें झुडूप नाहीं. पाणी उथळ आणि वर बगळे, पाणकावळे, घारी टपलेल्या. अशा वेळीं तळाशीं दाट फांद्यांचा ढीग आढळला, तर तो माशांस किती प्रिय होत असेल, ह्याची कल्पना करणें कठीण नाहीं. ह्याच गोष्टीचा उपयोग मनुष्यानें करून घेतला.

काठा घालण्याची रीत अशी आहे. आश्विन-कार्तिकाच्या सुमारास, पाणी उतरूं लागलें म्हणजे, बिलांतील अथवा संथ नदींतील एखादी अशी जागा निवडतात कीं जेथें हिंवाळाभर पुरेसें पाणी टिकेल आणि प्रवाहाचा जोर फारसा नसेल. हिजल, करंज, बाभूळ, आंबा इत्यादि झाडांच्या, पुष्कळ उपशाखा असलेल्या फांद्या आणून त्या पाण्यांत बुडवून रचतात. रचतांना त्या एकमेकींत अडकतील, पण मधून माशांस फिरावयास पोकळी राहील, इतकी काळजी घ्यावी लागते. लांकडाचे भारे नुसते दाबून बसविले तर त्यांचा उपयोग नाहीं. आणि फारच विरळ टाकले तर आश्रय मिळत नाहीं. ढीग वाहून जाऊं नये म्हणून भोंवतीं बांबूचे खुंट ठोकतात. वरचें पाणी जलपर्णीनें झांकून टाकतात आणि ती वाऱ्यानें पांगूं नये म्हणून बांबूची चौकट करतात. ही जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. बंगाल्यांत ती इतकी माजली कीं तिच्या उच्छेदासाठीं १९३६ सालीं स्वतंत्र कायदा करावा लागला होता. त्याच उपद्रवी वनस्पतीकडून येथें छपराचें काम करून घेतलें जातें.

वरील झाडांपैकीं हिजल ह्या नांवाशीं संस्कृत शिकलेल्या वाचकांनीं क्षणभर थांबावें. अमरकोशांत 'निचुल' आणि 'हिज्जल' हे पर्यायशब्द दिलेले आहेत. मेघदूताच्या पूर्वमेघांत यक्ष मेघाला ज्या स्थळाहून उत्तरेकडे निघावयास सांगतो, तेथील ओल्या जागीं वाढणारा निचुल तो हाच. मल्लिनाथानें त्या ठिकाणीं निचुल नांवाचा एक कवि कालिदासाचा मित्र होता असें सांगून श्लेष काढला आहे, आणि आम्ही मुलांना शिकवितांना कवीच्या कथेंत रमून झाड विसरून जात असूं. हें झाड आपल्याकडेही आहे. त्यास निवर किंवा सातफळ म्हणतात. त्याचा विशेष असा कीं, कित्येक महिने बुंधा पाण्यांत बुडून राहिला तरी तें मरत नाहीं. हाओरांत हिजल आणि करंज ह्यांचीं रानें पूर्वीं पुष्कळ होतीं, आणि पावसाळ्यांत मासे त्या जिवंत झाडांच्या बुडालेल्या फांद्यांत राहत. रानें तुटत गेलीं तशी तोडलेल्या फांद्यांची गरज अधिक भासूं लागली. निसर्गानें फुकट दिलेली वस्तु नाहींशी करून तिचें अनुकरण श्रमानें व पैशानें करावें लागणें, हा प्रकार आपल्या ओळखीचाच आहे.

मासे फांद्यांकडे कां येतात ह्याचीं कारणें तीन. पहिलें कारण रक्षण. 'मात्स्यन्याय' हा शब्द आपण राजनीतींत वापरतों; बलवानानें दुर्बलास गिळावें, ही स्थिति. शब्द जेथून आला त्या पाण्यांत तो अक्षरशः खरा आहे. ह्या बिलांत बोआल नांवाचा रुंद जबड्याचा मासा असतो. तो समोर येईल त्या लहान माशास गिळतो. मरळही तसाच. उघड्या पाण्यांत लहान माशास ह्यांच्यापासून सुटका नाहीं. परंतु फांद्यांच्या जाळींत मोठ्या अंगाचा मासा वेगानें वळूं शकत नाहीं. लहान मासा मात्र बोटभर फटींतून निसटतो. येणेंप्रमाणें फांद्यांचा ढीग मात्स्यन्यायाला एक मर्यादा घालून देतो. मात्स्यन्याय नाहींसा होत नाहीं, कारण बोआलही त्याच सावलींत टपून बसतो. पण लहानांस जगण्याची संधि मिळते.

दुसरें कारण अन्न. पाण्यांत बुडालेल्या काष्ठावर थोड्याच दिवसांत हिरवट-तपकिरी बुळबुळीत थर चढतो. त्यांत सूक्ष्म शेवाळ, जंतु, कृमि व कीटकांच्या अळ्या असतात. शास्त्रज्ञ ह्यास 'पेरिफायटन' म्हणतात. ह्यांतील 'पेरि' हा ग्रीक शब्द आपल्या 'परि' उपसर्गाचा सख्खा भाऊ आहे, म्हणून आपण ह्यास 'परिशैवल' म्हणूं. रोहूसारखे मासे हा थर ओठांनीं खरवडून खातात. मैमनसिंग येथील कृषिविद्यापीठांतील संशोधकांनीं गेल्या शतकाच्या अखेरीस व पुढेंही ह्यावर प्रयोग केले. कांहीं तळ्यांत बांबूचे खुंट रोवले, कांहीं तशींच ठेवलीं, आणि दोहोंत सारखेच मासे सोडले. बांबू रोवलेल्या तळ्यांत रोहूचें उत्पन्न स्पष्टपणें अधिक आलें. कारण सोपें आहे. तळ्याचा तळ एकच असतो. पण शंभर खुंट उभे केले म्हणजे परिशैवलास वाढावयास शंभर नवीन भिंती मिळतात, आणि त्याही उजेडाच्या जवळ.

तिसरें कारण सावली व स्थैर्य. उथळ पाणी दुपारीं तापतें, झांकलेल्या ढिगाखालीं तें कमी तापतें. आणि कांहीं जातींचे मासे आपलीं अंडीं बुडालेल्या काटक्यांस व मुळांस चिकटवितात, त्यांसही ती जागा सोयीची होते.

येथवरची हकीकत वाचून मनुष्यानें माशांवर मोठा उपकार केला असें वाटेल. परंतु काठा कशासाठीं घालतात तें अजून सांगितलेलें नाहीं. पौष-माघांत, मासे पुरेसे गोळा झाले असें वाटलें म्हणजे, कोळी नावांतून येऊन त्या ढिगाभोंवतीं जाळें लावतात. जाळ्याची खालची कड चिखलांत दाबून बसवितात, जेणेंकरून तळाकडून कोणी निसटूं नये. मग आंतील जलपर्णी आणि एकेक फांदी उचलून जाळ्याबाहेर टाकतात. ज्यांच्या आश्रयास मासे आले ते आश्रय एकेक करून नाहींसे होतात, जाळें लहान लहान होत जातें, आणि शेवटीं सर्व मासे एका ठिकाणीं हातीं लागतात. मग त्याच फांद्या पुन्हां आंत रचतात आणि कांहीं आठवड्यांनीं पुन्हां तोच प्रयोग होतो. म्हणजे शरण आलेल्यासाठीं बांधलेलें हें घर प्रत्यक्षांत सांपळा आहे.

आतां प्रश्न असा कीं, काठा घातल्यानें मासे वाढतात काय? कोळ्यास विचाराल तर तो म्हणेल, "वाढतात, पूर्वीं दिवसभर जाळें टाकून जें मिळत नव्हतें तें आतां एका खेपेस मिळतें." परंतु आषाढी एकादशीस पंढरपुरांत मुंगीला वाट मिळत नाहीं, म्हणून महाराष्ट्रांतील वारकरी त्या दिवशीं वाढले असें आपण म्हणत नाहीं. ते आधींच होते. गांवोगांवीं पांगलेले होते. एका ठिकाणीं आले इतकेंच. गोळा होणें निराळें आणि वाढणें निराळें. हा भेद न ओळखल्यामुळें पुष्कळ घोटाळे होतात.

हा घोटाळा केवळ अशिक्षितांचा आहे असें समजूं नये. अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत हब्ज आणि एश्मायर ह्या दोघां संशोधकांनीं १९३८ सालीं सरोवरांची मत्स्यसमृद्धि वाढविण्यासंबंधीं एक विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यांत फांद्यांचे भारे बुडविण्याची रीत सांगितली. तेव्हांपासून त्या देशांत हा उपाय फार लोकप्रिय आहे. आजही तेथें अनेक राज्यांत नाताळ संपल्यावर घरोघरचे सुशोभित केलेले वृक्ष गोळा करून, दगडी ठोकळे बांधून, धरणांच्या जलाशयांत बुडवितात. सणाचा कचरा कामीं लावण्याची ही युक्ति कौतुकास्पद आहे खरी. पण तेथील शास्त्रज्ञांनींही पुढें हीच शंका काढली. गळ टाकून बसणाऱ्यास अशा जागीं मासे लवकर सांपडतात हें निश्चित. परंतु सबंध सरोवरांतील माशांची संख्या त्यामुळें वाढते कीं पांगलेले मासे केवळ गळाच्या जवळ येतात, हें प्रत्येक ठिकाणीं पाहून ठरवावें लागतें. जेथें लहान पिलांस लपावयास जागाच नाहीं, किंवा परिशैवलास चढावयास आधार नाहीं, तेथें फांद्यांनीं खरी वाढ होऊं शकते. जेथें ह्या गोष्टी आधींच भरपूर आहेत, तेथें फांद्या टाकणें म्हणजे पकडणाऱ्याची सोय करणें होय. आणि ती सोय मर्यादेबाहेर गेली तर मासे पूर्वींपेक्षां लवकर संपतात.

आतां हाओरांतील पाणी कोणाच्या मालकीचें हें पाहिलें पाहिजे, कारण सर्व गोष्टी तेथें येऊन अडतात. १७९३ सालीं कॉर्नवॉलिसनें बंगाल्यांत कायमधारा केला. त्यानें जमिनीबरोबर बिलेंही जमीनदारांच्या हातीं गेलीं, आणि कोळ्यांस मासे धरण्याबद्दल त्यांना पैसा द्यावा लागूं लागला. १९५० सालीं पूर्व बंगालमध्यें जमीनदारी नष्ट करणारा कायदा झाला आणि बिलें सरकारची झालीं. सरकार तीं मक्त्यानें देऊं लागलें. बहुधा तीन वर्षांच्या मुदतीनें. 'जाळें ज्याचें, जळ त्याचें' अशा अर्थाची घोषणा पुढें झाली. १९८६ सालीं मत्स्यव्यवसायाचें नवें धोरण आलें. २००९ च्या धोरणानें तर मक्ता खऱ्या कोळ्यांच्या सहकारी मंडळ्यांनाच द्यावा असें ठरविलें. कागदावर हें सर्व उत्तम आहे. परंतु मक्त्याची रक्कम आधीं भरावी लागते, आणि ती गरीब कोळ्याजवळ नसते. पुष्कळ ठिकाणीं मंडळीचें नांव कोळ्यांचें, पैसा सावकाराचा आणि मासा ज्याचा पैसा त्याचा, अशी स्थिति होते.

काठा घालावयास फांद्या, बांबू, नावा, राखणदार आणि मोठें जाळें लागतें. म्हणजे भांडवल लागतें. तेव्हां काठा मक्तेदाराचा. एकदां तो घातला म्हणजे त्याच्या जवळपास गरिबानें गळही टाकूं नये, असा दंडक. मासे मात्र सबंध बिलांतून त्याच्याकडे ओढले जातात. पूर्वीं कांहीं मक्तेदार एक चांगली चाल पाळीत. बिलांत फांद्या घालून दोन वर्षें तें अस्पृष्ट ठेवावयाचें आणि तिसऱ्या वर्षीं मासे काढावयाचे. परंतु मुदतच तीन वर्षांची. पुढील मक्ता आपल्यालाच मिळेल ह्याचा भरवसा नसला, म्हणजे तिसऱ्या वर्षीं मक्तेदार कांहींच मागें ठेवीत नाहीं. कित्येक वेळां पंप लावून बील पार उपसून टाकतात आणि चिखलांत दडलेला मासाही वेंचून घेतात. ह्यास कायद्याची मनाई आहे, तरी तें घडतें.

ह्यांत खरी हानि कोणती? वैशाख-ज्येष्ठांत नवें पाणी आलें म्हणजे बिलांत उरलेले नर-मादी मासे त्या पाण्याबरोबर बाहेर पडतात आणि नुकत्याच बुडालेल्या गवतांत अंडीं घालतात. सबंध हाओराचें पुढील वर्षाचें पीक ह्या उरलेल्या माशांवर अवलंबून असतें. शेतकरी कितीही उपाशी असला तरी पेरणीचें बियाणें दळीत नाहीं. हिंवाळ्यांत बिलांत राहिलेले मासे हें पाण्याचें बियाणें आहे. तें दळून खाल्लें म्हणजे पुढें पाऊस कितीही पडो, पीक येणार कोठून?

आफ्रिकेंतही हाच अनुभव आला. पश्चिम किनाऱ्यावर बेनिन देशांत नोकुए नांवाचें सरोवर आहे. त्यांत नदीचें व समुद्राचें पाणी मिसळतें. तेथें 'अकाजा' नांवानें फांद्यांचीं सबंध शेतेंच पाण्यांत उभीं करतात. वेलकम नांवाच्या शास्त्रज्ञानें ह्या पद्धतीचा अभ्यास १९७२ सालीं प्रसिद्ध केला. दर हेक्टरीं वर्षाला कित्येक टन मासे निघतात असें त्यांत दिसून आलें. उत्पन्न असें डोळे दिपविणारें. परंतु पैसेवाल्यांनीं अकाजांनीं सरोवर व्यापलें, साध्या जाळ्याच्या कोळ्यांस मोकळें पाणी उरेना, भांडणें झालीं. आणि फांद्यांसाठीं किनाऱ्यावरील खारफुटीचीं रानें तुटलीं, तीं निराळींच. पाण्यांत झाडी उभी करण्यासाठीं जमिनीवरची झाडी नष्ट केली, तर हिशेब कोठें जुळतो?

मग काठा वाईट म्हणावयाचा काय? तसें नाहीं. सिल्हेटकडील मौलवीबाजार जिल्ह्यांत श्रीमंगलजवळ हाइल हाओर आहे. त्यांतील बाइक्का बील ह्या सुमारें शंभर हेक्टरांच्या जागेंत २००३ सालापासून मासे धरणें कायमचें बंद करण्यांत आलें. राखण करण्याचें काम भोंवतालच्या गांवकऱ्यांच्या संघटनेकडे सोंपविलें. बिलाच्या परिसरांत हिजल व करंज ह्यांचीं झाडें लावलीं. अशा प्रकारचीं राखीव बिलें त्या देशांत पुढें अनेक ठिकाणीं झालीं. तेथेंही फांद्या टाकतात, तेथेंही बांबू ठोकतात. कांहीं ठिकाणीं सिमेंट-काँक्रीटचे अणकुचीदार ठोकळेही बुडवितात, कारण ते कुजत नाहींत आणि चोरानें जाळें टाकलें तर त्यांत अडकून फाटतें. साहित्य जवळजवळ तेंच, जागा तशीच, मासेही तेच. फरक इतकाच कीं, जाळें घेऊन कोणी येत नाहीं. हिंवाळ्यांत जगलेले मासे पावसाळ्यांत बाहेर पडून सबंध हाओरांत पसरतात, आणि मग राखीव हद्दीबाहेर ते गरिबाच्या साध्या जाळ्यांतही येतात. पूर्वीं फांद्या सर्वांचे मासे एकाकडे ओढीत होत्या. आतां एका जागचे मासे सर्वांकडे जाऊं लागले.

ह्यांत अडचणी नाहींत असें नाहीं. फांद्या कुजतात, त्या दोन-तीन वर्षांनीं नव्या घालाव्या लागतात. ढिगांत गाळ अडकून बील उथळ होत जातें, तेव्हां मधून मधून तो काढावा लागतो. रात्रीं चोरून जाळीं टाकणारे असतात. राखणदारांस वेतन द्यावें लागतें, आणि बाहेरून येणारी मदत थांबली म्हणजे पुष्कळ ठिकाणचा उत्साहही थांबतो. जेथें गांवकऱ्यांस प्रत्यक्ष लाभ दिसला आणि राखणीचा अधिकार कायदेशीरपणें त्यांच्या हातीं राहिला, तेथें काम टिकण्याचा संभव अधिक, असा अनुभव आहे.

थोडें राखून ठेवावें हा विचार आपणांस नवा नाहीं. अशोकानें राज्याभिषेकानंतर सव्वीस वर्षांनीं कोरविलेल्या पांचव्या स्तंभलेखांत चातुर्मासी पौर्णिमा व इतर ठराविक तिथींस मासे मारूं अगर विकूं नयेत अशी आज्ञा आहे. 'केवटभोग', म्हणजे कैवर्तांचीं राखीव जळें, ह्यांचाही तींत उल्लेख आहे. आपल्या महाराष्ट्रांत महाड तालुक्यांत वाळणकोंड येथें वरदायिनी देवीच्या डोहांत, आणि वाडें तालुक्यांत वैतरणेकांठीं तिळसे येथें तिळसेश्वराच्या डोहांत मोठमोठे मासे निर्भयपणें हिंडतात. भाविक त्यांस खाऊं घालतात. धरीत कोणी नाहीं. तेथें राखण देवाची आहे, हाओरांत ती ठरावाची व पहाऱ्याची आहे. परंतु तत्त्व एकच. नदीचा एखादा डोह भीतीपासून मुक्त राहिला, म्हणजे बाकीच्या नदीस बियाणें मिळत राहतें.

घरांतील मुलांना ह्यांतील एक भाग प्रत्यक्ष दाखवितां येईल. बांबूची हातभर कामटी स्वच्छ धुवून, ज्या हौदाचें पाणी पिण्याच्या उपयोगाचें नाहीं आणि ज्यावर ऊन पडतें अशा हौदांत उभी बांधून ठेवावी. डांस होऊं नयेत म्हणून हौदांत चार गप्पी मासे असावे. दर चार दिवसांनीं मुलांनीं कामटीवर बोट फिरवून पाहावें आणि वहींत टिपून ठेवावें. दोन-तीन आठवड्यांत ती बुळबुळीत होईल; भिंग असल्यास त्या थरांत हालचालही दिसेल. वडील माणसांनीं एक सावधगिरी मात्र सांगावी. हिरव्या पाल्यासकट फांद्या लहान हौदांत किंवा तळ्यांत टाकूं नयेत. पाला कुजतांना पाण्यांतील प्राणवायु शोषला जातो आणि ज्यांच्यासाठीं घर बांधलें तेच गुदमरून मरतात.

शेवटीं एक इतिहासाची आठवण. ज्या बंगाल्याची ही हकीकत, त्याच देशांत आठव्या शतकांत अराजक माजलें असतां लोकांनीं गोपाल नांवाच्या पुरुषास राजा केलें. त्याच्या मुलाच्या, म्हणजे धर्मपालाच्या, खालिमपूर येथील ताम्रपटांत ही निवड मात्स्यन्याय दूर करण्यासाठीं झाली असें म्हटलें आहे. पाण्यांतील मात्स्यन्यायाला आवर घालण्यास फांद्यांचा ढीग पुरतो. कांठावरच्या मात्स्यन्यायाला आवर घालावयाचा तर माणसांना एकत्र बसून ठरवावें लागतें कीं, इतकें आपलें, इतकें शेजाऱ्याचें, आणि इतकें पुढच्या वर्षाचें. आपल्या सामाईक आंब्याच्या फळांची वांटणी करतांना घरांतील कर्त्या माणसांनीं हाओरांतील ह्या कोळ्यांची आठवण ठेवावी, आणि वांटणीच्या वेळीं मुलांनाही जवळ बसवून घ्यावें.